आजोबांची खुर्जी

वाचकहो, आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरी अशी एखादी वस्तू असतेच, की जिचा रोजच्या संसारात काडीचाही उपयोग नसतो. आणि तरीही ती टाकून देण्याची सूचना कोणी केली, तर सारे घर त्याच्यावर उलटते. कोणाकडे तो पणजोबांचा मोडका अडकित्ता असतो, कोणाकडे कुलूप हरवलेली किल्ली असते, तर कोणाकडे पितळेचे कान तुटलेले घंगाळ असते. आमच्या घरी ती एक खुर्जी होती. अधिक खरे सांगायचे, तर अर्धी खुर्जी होती. उरलेल्या अर्ध्या खुर्जीची गोष्ट आमच्या घरी कोणी काढीत नसे.

खुर्जी म्हणजे काय, हे आजच्या तरुण वाचकांना सांगावे लागेल. घोड्याच्या, खेचराच्या किंवा गाढवाच्या पाठीवर टाकलेली, दोन्ही अंगांना एकेक कप्पा लोंबत असलेली पिशवी ती खुर्जी. आपल्याकडे वाटसरू खांद्यावर जी पडशी टाकीत, तिची ही थोरली बहीण. फारसी बोलणारे लोक तिला 'खुर्जीन' म्हणतात. आमची खुर्जी मात्र सुती नव्हती, लोकरीची होती. आणि तिच्या दर्शनी अंगावर गालिच्यासारखी दाट लव होती. गर्द तांबडा, निळा, हिरवट, पिवळा, पांढरा असे रंग लेऊन एकमेकांना खेटून बसलेले चौकोन तीवर होते, आणि प्रत्येक चौकोनाच्या कडेला आकड्यांची नक्षी होती. लहानपणी ते आकडे मला विंचवाच्या नांग्यांसारखे वाटत, आणि संध्याकाळनंतर त्या खुंटीकडे जायला मी भीत असे.

ही खुर्जी आजोबांनी आणली होती. ते सातारा जिल्ह्यातले. पहिल्या महायुद्धात एका मराठा पलटणीतून मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, गेले होते. युद्ध १९१८ साली संपले, तरी त्यांची पलटण लगेच परतली नाही. घरी आले, तेव्हा त्यांच्या ट्रंकेत दोन वस्तू होत्या: एक पदक आणि एक खुर्जी. पदकाच्या फितीवर एक आडवी धातूची पट्टी होती आणि तीवर इंग्रजी अक्षरांत 'कुर्दिस्तान' असे कोरलेले होते. खंडेनवमीला घरातील शस्त्रांची पूजा होई, तेव्हा आजोबा ही खुर्जी चौरंगावर अंथरीत आणि तीवर ते पदक ठेवीत. आम्ही मुले विचारीत, "आजोबा, ही खुर्जी तुम्हांला कोणी दिली?" यावर ते इतकेच म्हणत, "एका बाईनं." दिली, विकली, की आणखी काही, हे त्यांनी कधी सांगितले नाही, आणि त्यांचा चेहरा पाहून पुढचा प्रश्न विचारण्याची आमची छाती होत नसे.

आजोबा गेल्यावर १९६२ साली वडिलांची आणि काकांची वाटणी झाली. जमीन, घर, भांडी यांची वाटणी पंचांनी सुरळीत केली. शेवटी राहिली खुर्जी. दोघांनाही ती हवी होती आणि दुसऱ्याला ती द्यायची नव्हती. अखेर कात्री आली. दोन कप्प्यांना जोडणारी मधली पट्टी बरोबर मध्यावर कापली गेली. आजी तेवढा वेळ भिंतीकडे तोंड करून बसली होती. एक कप्पा आमच्याकडे आला, एक काकांकडे गेला. आणि तिथेच काकूंच्या तोंडून एक वाक्य निघून गेले: "चकाकती बाजू थोरल्यांनी ठेवली, विटकी आमच्या पदरात टाकली." वडील मानी होते, त्यांना हा आरोप सहन झाला नाही. काकू खोटे बोलत होत्या असेही म्हणता येईना, कारण दोन्ही कप्पे शेजारी-शेजारी टांगले, तर आमचा कप्पा खरोखरच उजळ दिसे आणि त्यांचा काळवंडलेला. त्या दिवसापासून दोन घरांतील बोलणे लग्नकार्यापुरते उरले. पुढे तेही उरले नाही. काका बडोद्याला गेले, आम्ही विवाहानंतर भोपाळला स्थायिक झालो, थोरली माणसे एकामागून एक गेली, आणि खुर्जीचे दोन तुकडे दोन राज्यांत, दोन कपाटांत पडून राहिले.

वाचकहो, ज्या वस्तूवरून दोन घरे तुटली, ती वस्तू मुळात कोणाची, कोठली, कशी झालेली, याची चौकशी करावी असे आमच्यापैकी कोणालाही पन्नास वर्षांत वाटले नाही, हे सांगताना आज मला संकोच वाटतो. ते सुचले एका योगायोगाने. आमच्या शेजारी वस्त्रविद्येच्या एक निवृत्त अध्यापिका राहावयास आल्या. त्यांनी भिंतीवरचा आमचा तुकडा पाहिला, भिंग मागितले, मागची बाजू उलटून पाहिली आणि म्हणाल्या, "ही जाफ कुर्दांची खुर्जी आहे. हिची दुसरी बाजू कोठे आहे?" मी उत्तर दिले नाही. परंतु त्या दिवसापासून मी वाचू लागले, आणि जे समजले ते आपल्यासमोर मांडीत आहे.

कुर्द हे पश्चिम आशियातील डोंगरांचे लोक. झाग्रोस आणि तोरोस या पर्वतरांगांच्या कुशीत त्यांची गावे आणि कुरणे आहेत. त्यांची भाषा इराणी कुळातील, म्हणजे दूरच्या नात्याने आपल्याही भाषेची आप्त. पहिल्या महायुद्धानंतर १९२० च्या सेव्हर्सच्या तहात त्यांच्या स्वायत्ततेचा उल्लेख झाला होता. १९२३ च्या लोझानच्या तहात तो उरला नाही. त्यांचा प्रदेश मुख्यतः तुर्कस्तान, इराण, इराक आणि सीरिया या चार देशांत वाटला गेला. वाटणीची कात्री फक्त आमच्याच घरात चालली असे नाही.

या कुर्दांतील जाफ ही एक मोठी मेंढपाळ जमात. हिवाळ्यात ती सुलेमानियेच्या दक्षिणेकडील उबदार गर्मियान प्रदेशात उतरे, आणि वसंत लागला की मेंढरे, घोडी, तंबू, पोरेबाळे घेऊन पेंजवीनच्या बाजूने डोंगर चढत इराणच्या हद्दीतील उंच कुरणांकडे जाई. आपल्याकडे धनगरांचे वाडे ऋतुमानाप्रमाणे हिंडतात, तसेच हे. ज्याला वर्षातून दोनदा सगळे घर जनावराच्या पाठीवर लादायचे आहे, त्याच्या घरी कपाट आणि संदूक कसे असणार? त्याचे कपाट म्हणजे खुर्जी, त्याची कोठी म्हणजे लोकरीची गोणी, त्याची भिंत म्हणजे विणलेला पडदा. धान्य, मीठ, कपडे, अंथरूण-पांघरूण यांच्यासाठी निरनिराळ्या पिशव्या असत, आणि त्या सगळ्या घरातील बायकाच विणीत. आपण ज्याला शोभेची वस्तू म्हणून भिंतीवर टांगतो, ते तिथे घराचे सामानसुमान होते. तंबूत पोचले की याच भरलेल्या खुर्ज्या ओळीने मांडून त्यांना टेकून बसत. म्हणून त्यांचे दर्शनी अंग सुंदर हवे.

खुर्जीचे तोंड बंद करण्याची युक्तीही पाहण्यासारखी आहे. तोंडाच्या एका काठाला चिरा ठेवलेल्या असतात आणि दुसऱ्या काठाला वळलेल्या लोकरीचे फासे. पहिला फासा चिरेतून बाहेर काढायचा, त्यातून दुसरा ओवायचा, दुसऱ्यातून तिसरा. अशी साखळी शेवटपर्यंत नेली की एका गाठीने सारे तोंड बंद. आजी आमच्या खुर्जीचे तोंड असेच बंद करी. तिला ते कोणी शिवून दाखवले नव्हते, शिकवलेही नव्हते. वस्तू हातात घेतल्यावर तिच्या हाताला ते उमगले असावे. सातारच्या बाईला कुर्द बाईची युक्ती आपोआप कळली, याचे मला आज फार नवल वाटते.

आता विणकामाविषयी. मेंढरांची लोकर कातरायची, धुवायची, पिंजायची आणि टकळीवर कातायची. चालता-चालता टकळी फिरवीत सूत काढणाऱ्या बायका त्या डोंगरांत हे काम वाट चालतानाही करीत. मग रंग. तांबडा रंग मंजिष्ठेच्या जातीच्या झाडाच्या मुळापासून, पिवळा रानफुलांपासून आणि डाळिंबाच्या सालीपासून, तपकिरी अक्रोडाच्या हिरव्या सालीपासून, आणि निळा निळीपासून. रंग पक्का बसावा म्हणून तुरटी. वाचकहो, ही यादी वाचताना आपल्याला काही परके वाटले काय? मंजिष्ठा आपल्या वैद्याच्या पुडीत असते, तुरटी न्हाव्याच्या पेटीत असते. आणि निळीला फारसीत जो शब्द आहे तो 'नील' आपलाच संस्कृत शब्द आहे. शतकानुशतके हिंदुस्थानची नीळ व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर त्या देशांकडे जात होती. उलट दिशेने शब्द आले. आपला 'गालिचा' हा फारसीतील 'कालीचे', म्हणजे लहान गालिचा. आणि आपल्या मंगलकार्यात जी जाजम अंथरली जाते, तिचे नाव त्या डोंगरांतील 'जाजीम'शी जुळते. कुर्द बायका अरुंद मागावर लांबच लांब रंगीत पट्टे विणतात आणि ते एकमेकांना शिवून पांघरूण करतात, ती त्यांची जाजीम.

माग अगदी साधा. मेंढपाळांकडे तो बहुधा जमिनीवर आडवा मांडलेला असे. दोन लाकडे, चार खुंट्या. मुक्काम हलवायचा झाला, तर खुंट्या उपटून अर्धवट विणलेल्या कापडासह तो गुंडाळायचा आणि पुढच्या मुक्कामी पुन्हा ताणायचा. ताण्याचे दोन धागे घेऊन त्यांभोवती रंगीत लोकर अशी गुंडाळायची, की तिची दोन्ही टोके त्या दोन धाग्यांच्या मधून वर यावीत. झाली एक गाठ. एक ओळ गाठींची पुरी झाली की बाण्याचा धागा आडवा घालायचा आणि फणीने ठोकून बसवायचा. हीच गाठ आल्ताय पर्वतातील पाझिरिक येथे १९४९ साली रुदेन्को या रशियन संशोधकाला बर्फात गोठलेल्या गालिच्यातही सापडली आहे. तो गालिचा सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वीचा मानतात. म्हणजे कुर्द बाईच्या बोटांतील गाठ किती जुनी, याचा अंदाज करावा.

जाफ बायकांचे एक विशेष कसब आमच्या शेजारीणबाईंनी मला भिंगातून दाखवले. सामान्यतः एका ओळीतील गाठ खालच्या गाठीच्या बरोबर डोक्यावर बसते. अशा विणीत तिरकी रेघ काढायची, तर ती पायऱ्या-पायऱ्यांची निघते. जाफ विणकरीण मात्र वरच्या ओळीत एका जोडीतील एक धागा आणि शेजारच्या जोडीतील एक धागा घेऊन गाठ मारते. गवंडी विटेच्या सांध्यावर वीट ठेवतो, तसे हे. त्यामुळे तिची तिरकी रेघ सरळ आणि उभट निघते, आणि ते चौकोन इतके टोकदार दिसतात. कागदावर काढलेला नमुना तिच्यापुढे नसे. आईच्या शेजारी बसून मुलगी हे शिके, आणि मोजणी बोटांत मुरली की डोळ्यांना वेगळी आठवण ठेवावी लागत नसे.

याचा अर्थ सर्वच कुर्द विणकाम असे तंबूतले असते, असा आपण करून घेऊ नये. इराणमधील बिजार गावाचे गालिचे इतके घट्ट ठोकलेले असतात, की व्यापारी त्यांना इराणचे लोखंडी गालिचे म्हणतात. बाण्याचे जाड धागे ओले करून, जड अवजाराने ठोकून ते बसवलेले असतात. असा गालिचा घडी घालून ठेवू नये, गुंडाळावा; घडीवर तो तडकतो. बिजारच्या बायका 'वागिरे' नावाचा नमुना-गालिचाही विणीत. त्यात कोपऱ्याचा एक तुकडा, किनारीचा एक तुकडा, मधल्या फुलाचा अर्धा भाग असे जे जे पुढे लागेल ते ते विणून ठेवायचे. पुढची विणकरीण त्यावरून गाठी मोजून पूर्ण गालिचा करी. आपल्या आजीच्या रांगोळीच्या वहीसारखेच की हे! सनंदज या शहराचे जुने नाव सेनेह. तिथले गालिचे आणि किलीम अतिशय तलम, आणि त्यांवर आपण जिला कोयरी म्हणतो ती आकृती ओळीने भरलेली पुष्कळदा आढळते. गंमत अशी, की गालिच्याच्या जगात 'सेनेह गाठ' म्हणून जी एक गाठ प्रसिद्ध आहे, ती खुद्द सेनेहचे विणकर वापरीत नाहीत. ते वर सांगितलेली दोन धाग्यांची गाठच मारतात. नाव एका गावाचे आणि रीत दुसऱ्याची! आणखी पूर्वेला, खोरासानात कूचानच्या आसपासही कुर्द आहेत. सुमारे १६०० च्या आगेमागे शाह अब्बासाने सरहद्द राखण्यासाठी त्यांना तिकडे नेऊन वसवले. चारशे वर्षे झाली, शेजारी तुर्कमेन लोकांचे नमुने त्यांनी घेतले, परंतु आपले विणकाम त्यांनी सोडले नाही. विल्यम ईगल्टन या अमेरिकन राजनैतिक अधिकाऱ्याने कुर्द गालिच्यांवर १९८८ साली एक पुस्तक प्रसिद्ध केले. तोपर्यंत बाजारात हे बरेचसे काम त्या-त्या गावाच्या नाहीतर नुसत्या इराणच्या नावाने विकले जाई, आणि विणणारी कुर्द बाई त्या नावामागे लपून राही.

आता मूळ गोष्टीकडे येते. एके दिवशी शेजारीणबाईंनी माझा हात धरून तो खुर्जीवरून वरून खाली फिरवला, आणि मग खालून वर. मांजराच्या पाठीवरून हात फिरवावा तसे झाले: एकीकडून मऊ, दुसरीकडून खरखरीत. त्या म्हणाल्या, "गाठ मारून टोक खाली ओढतात आणि मग कापतात. म्हणून लव नेहमी विणकामाच्या आरंभाकडे झुकलेली असते. आता विचार करा. खुर्जी ही एकाच लांब पट्टीत, एका ओघात विणतात. आधी एका कप्प्याचे दर्शनी अंग, मग त्याची पाठ, मग मधली पट्टी, मग दुसऱ्याची पाठ आणि शेवटी दुसऱ्याचे दर्शनी अंग. मग ती दोन्हीकडून दुमडून बाजू शिवतात. अशा खुर्जीत दोन्ही कप्प्यांची लव कोणत्या दिशेला जाईल?"

मी एक पंचा घेतला, तो दोन्हीकडून दुमडला, बोटाने दिशा मोजल्या, आणि थबकले. पहिला कप्पा तोंडाकडून बुडाकडे विणला जातो. म्हणून तो सुलटा टांगला, की त्याची लव वर, तोंडाकडे जाते. दुसरा बुडाकडून तोंडाकडे विणला जातो. म्हणून त्याची लव खाली झुकते. लव खाली असली, की वरून येणारा उजेड तिच्या अंगावरून घसरतो आणि कापड चकाकते. लव वर असली, की उजेड तिच्या टोकांत शिरतो आणि तेच रंग गडद, काळसर दिसतात. आमच्या तुकड्याची लव खाली होती.

वाचकहो, काकूंचा आरोप खरा होता आणि वडिलांचा राग खरा होता. चकाकती बाजू आमच्याकडे होती, विटकी त्यांच्याकडे होती. आणि तरीही कोणी कोणाला फसवले नव्हते. दोन्ही बाजू एकाच बाईने, एकाच लोकरीने, एकाच मागावर विणल्या होत्या. उजेडाने आम्हांला भांडायला लावले होते.

मी आमचा तुकडा गुंडाळून घेतला आणि बडोद्याला गेले. काकांची मुलगी, आमची आक्का, माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. तिने दार उघडले, माझ्याकडे पाहिले, माझ्या हातातील गुंडाळीकडे पाहिले आणि काही न विचारता आत जाऊन कपाटातून आपला तुकडा आणला. आम्ही दोन्ही तुकडे खुर्चीच्या पाठीवर शेजारी-शेजारी टाकले. तिचा कप्पा खरोखरच काळवंडलेला दिसत होता. आक्का म्हणाली, "पाहिलंस? आई काही खोटं बोलत नव्हती." मी म्हटले, "नव्हतीच." आणि तिचा तुकडा उलटा केला, तोंड खाली, बूड वर. त्याबरोबर तांबडा रंग जागा झाला. निळा, हिरवट, पिवळा सगळे एकामागून एक उजळले. दोन्ही तुकडे आता जुळ्या बहिणींसारखे दिसू लागले. आक्का बराच वेळ काही बोलली नाही. मग एवढेच म्हणाली, "आई असायला हवी होती."

त्या दुपारी आम्ही दोघींनी ते तुकडे जमिनीवर मागावरच्या क्रमाने मांडले आणि आणखी एक गोष्ट ध्यानात आली. आक्काच्या, म्हणजे आधी विणलेल्या कप्प्यात निळा रंग शेवटपर्यंत एकसारखा होता. आमच्या, म्हणजे नंतर विणलेल्या कप्प्यात तो मध्येच बदलून किंचित हिरवट झाला होता. एका खेपेची रंगवलेली लोकर संपली आणि दुसऱ्या खेपेची घ्यावी लागली, की असा फरक पडतो. गालिच्याच्या जाणकारांत त्याला 'अब्रश' म्हणतात. मूळ अर्थ ठिपकेदार घोडा, जसे आपण घोड्याला अबलख म्हणतो. जी बाजू 'चांगली' म्हणून भांडण झाले, तीच नेमकी विणकरणीच्या टंचाईची बाजू निघाली! मध्येच मुक्काम हलला असेल, की नीळ महाग झाली असेल? माझ्या मनात तर्क येतात. उत्तर त्या बाईबरोबर गेले.

आणि ती बाई कोण? हा प्रश्न मात्र लव उलटून सुटणारा नाही. इतिहास सांगतो, की १९१९ च्या मे महिन्यात सुलेमानियेच्या शेख महमूद बर्जंजी यांनी इंग्रजांविरुद्ध उठाव केला. जून महिन्यात बाझियानच्या खिंडीत त्यांचा पराभव झाला आणि जखमी अवस्थेत ते पकडले गेले. त्या मोहिमेत हिंदी पलटणी होत्या. शेखांना पुढे हद्दपार करून पाठवले, तेही आपल्याच देशात. १९२२ साली त्यांना परत नेण्यात आले. म्हणजे आजोबा ज्या डोंगरांतून खुर्जी घेऊन आले, त्याच डोंगरांतला माणूस कैदी म्हणून इकडे आला होता. दोघेही परक्याच्या हुकमाने. त्याच काळात हलबज्यात जाफ घराण्यातील अदेला खानम कारभार पाहत होत्या. बाजार वसवणारी, बागा लावणारी ती कर्तबगार स्त्री. इंग्रजांनी तिला जो किताब दिला तो हिंदुस्थानातलाच: खान बहादूर. अशा प्रदेशात आजोबांना ती खुर्जी पगारातून विकत मिळाली, की कोणा बाईने पाहुणचार म्हणून दिली, की जळलेल्या गावातून कोणीतरी उचलली? "एका बाईनं" या दोन शब्दांत तिन्ही अर्थ मावतात. मी आजोबांवर फार माया केली. म्हणून पहिल्या दोन अर्थांपैकी एक खरा मानावा असे मला वाटते. परंतु वाटणे म्हणजे माहीत असणे नव्हे, आणि मुलांना ही गोष्ट सांगताना मी तिसरा अर्थ गाळीत नाही.

हलबज्याचे नाव पुढे जगाला वेगळ्या कारणाने कळले. १६ मार्च १९८८ या दिवशी इराकी राजवटीने त्या शहरावर विषारी वायूचा मारा केला. सुमारे पाच हजार माणसे मेली. त्याच वर्षीच्या मोहिमेत हजारो कुर्द गावे उद्ध्वस्त झाली. त्याआधी इराणात रझा शाहाच्या कारकिर्दीत (१९२५ ते १९४१) भटक्या जमातींना बळाने एका जागी बसवण्यात आले होते. तंबू गेला, खेचर गेले, मग खुर्जी कशासाठी विणायची? यंत्राचे कापड आणि कारखान्यातील रंग तर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासूनच शिरत होते. आज एर्बिल शहराच्या किल्ल्यात २००४ साली उघडलेले कुर्द वस्त्रांचे एक संग्रहालय आहे. तंबूतील वस्तूंना तिथे छप्पर मिळाले, ही समाधानाची गोष्ट आहे.

दिल्लीच्या एका व्यापाऱ्याला आम्ही जोडी दाखवली. पुष्कळ खुर्ज्या व्यापारी कापूनच विकतात, दोन तुकड्यांचे दोन दाम येतात, असे तो सहज म्हणाला. आणि एकाच खुर्जीचे दोन्ही कप्पे पुन्हा भेटलेले त्याने क्वचितच पाहिले होते. त्याने चांगली रक्कम सांगितली. आक्काने माझ्याकडे पाहिले, मी तिच्याकडे. आम्ही चहा पिऊन परत आलो.

आपल्या घरी असे जुने लोकरी विणकाम असल्यास काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पांढरा ओला फडका रंगावर हलके दाबून पाहावा. रंग लागला, तर ती वस्तू घरी धुण्याचे धाडस करू नये. झाडताना लवेच्या दिशेनेच झाडावी. वर्षातून दोनदा सावलीत वारा द्यावा, कसरीसाठी कडुनिंबाचा पाला ठेवावा, आणि घडी न घालता गुंडाळून ठेवावी. आणि वर्षातून एकदा तरी ती उलटी करून पाहावी.

मधली कापलेली पट्टी पुन्हा शिवावी काय, असे आक्काने विचारले होते. शेजारीणबाईंनी नको म्हटले, आणि मलाही ते पटले. कात्री चालली होती, हे खुर्जीवर दिसलेले बरे. आता एक वर्ष दोन्ही तुकडे बडोद्याला असतात, एक वर्ष भोपाळला. खंडेनवमीला आम्ही ते चौरंगावर मागावरच्या क्रमाने मांडतो, म्हणजे दोहोंची लव एकाच दिशेला होते. पदकही असते, परंतु ते आता खुर्जीवर ठेवीत नाही, शेजारी ठेवतो. खुर्जीवर एक टकळी ठेवतो. ज्या बाईचे नाव आम्हांला कधीच कळणार नाही, तिच्यासाठी.